‘बरेशीत’ ते ‘मेराखेफेत’ : उत्पत्तीच्या पहिल्या दोन वचनांचा शब्दार्थविचार

प्रस्तावना

ज्यू परंपरा ज्याला तोरा म्हणते आणि ख्रिस्ती परंपरा ज्याला जुन्या कराराची पहिली पाच पुस्तके म्हणून ओळखते, त्या ग्रंथसमूहाचे पहिले पुस्तक म्हणजे उत्पत्ती. त्याच्या पहिल्या दोन वचनांत मूळ हिब्रूमध्ये मिळून 21 शब्द येतात, पहिल्यात 7 आणि दुसऱ्यात 14. या शब्दांवर दोन हजारांहून अधिक वर्षे भाष्ये लिहिली जात असली, तरी त्यांतले बहुतेक शब्द आकाश, भूमी, पाणी, काळोख, वारा असे नित्याच्या व्यवहारातले आहेत आणि दुर्मीळ म्हणावेत असे दोन-तीनच आहेत. तेव्हा एवढा वाद कशाचा, असा प्रश्न नवख्या वाचकाला पडणे साहजिक आहे. प्रस्तुत ग्रंथाची भूमिका अशी की, या वादाचे मूळ कोशात कमी आणि वाक्यरचनेत अधिक आहे, आणि शब्दाचा धातू शोधून काढला की वचनाचा अर्थ हाती लागला, हा जो समज अभ्यासकांतही अधूनमधून डोके वर काढतो, तो याच दोन वचनांच्या आधारे सर्वांत चांगल्या रीतीने तपासता येतो.

विषयात शिरण्यापूर्वी पाठाची स्थिती लक्षात घेणे आवश्यक आहे. हिब्रू लेखनात मुळात व्यंजनेच लिहिली जात आणि स्वर वाचणाऱ्याच्या तोंडी असत. ते स्वर चिन्हांनी नोंदवण्याचे काम गालील सरोवराकाठच्या टायबेरियस येथील मसोराकारांनी, म्हणजे पाठपरंपरा जतन करणाऱ्या विद्वानांनी, इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात केले. त्यांनी स्वरांबरोबर पठणाचीही चिन्हे बसवली, ज्यांतली काही पुढच्या शब्दाशी जोड दाखवतात तर काही तोड. त्यांच्या परंपरेतले सर्वांत प्रमाण मानले गेलेले आलेप्पो हस्तलिखित या वचनांसाठी उपयोगी पडत नाही, कारण 1947च्या दंगलीनंतर त्याचा तोराचा जवळजवळ सर्व भाग नाहीसा झाला. म्हणून अभ्यासकांना 1008च्या सुमाराच्या, आज सेंट पीटर्सबर्ग येथे असलेल्या लेनिनग्राड हस्तलिखिताकडे वळावे लागते. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील गुहांत उत्पत्तीच्या प्रतींचे जे तुकडे सापडले, त्यांवरून मसोराकारांच्या हाती आलेला व्यंजनपाठ हजार वर्षे आधीही बऱ्याच अंशी तसाच होता, हे दिसून आले. व्यंजने जुनी आणि स्वरचिन्हे त्यामानाने अर्वाचीन, ही गोष्ट पहिल्या शब्दापासूनच महत्त्वाची ठरते.

तो पहिला शब्द ‘बरेशीत’. ‘रोश’ म्हणजे डोके, त्यापासून ‘रेशीत’ म्हणजे आरंभ किंवा अग्रभाग, आणि त्याआधी ‘ब’ हे ‘-मध्ये’ या अर्थाचे शब्दयोगी अव्यय, एवढी फोड कोणताही कोश देतो आणि इथवर वाद नाही. वाद आहे तो ‘ब’ला लागलेल्या स्वराचा. ‘त्या आरंभी’ असा निश्चित अर्थ हवा असता तर हिब्रूच्या नियमाप्रमाणे ‘बारेशीत’ असे रूप अपेक्षित होते; येथे मात्र ऱ्हस्व, अस्फुट स्वर आहे. त्यातच ‘रेशीत’ हा शब्द शास्त्रात, म्हणजे हिब्रू बायबलमध्ये, बहुधा षष्ठीच्या संबंधाने, म्हणजे ‘अमक्याचा आरंभ’ असाच येतो. यिर्मयाच्या पुस्तकात हाच ‘बरेशीत’ राजांच्या कारकिर्दीच्या आरंभाविषयी चार वेळा आला आहे आणि प्रत्येक वेळी त्याला पुढच्या नामाचा आधार आहे. उत्पत्तीत तसे नाम नाही, पुढे थेट क्रियापद आहे. तेव्हा हा आरंभ कशाचा?

फ्रान्समधील त्र्वा येथील भाष्यकार राशी (1040–1105) याने उत्तर दिले की, हा आरंभ पुढच्या क्रियेचा आहे. देव आकाश व पृथ्वी निर्मू लागला त्या वेळी, असे हे अपुरे उपवाक्य असून मुख्य वाक्य तिसऱ्या वचनात, प्रकाशाच्या आज्ञेपाशी येते. क्रियापदापूर्वी असे संबंधी नाम येऊ शकते याला त्याने होशेयच्या पुस्तकाच्या आरंभीचा दाखला दिला, आणि शिवाय एक साधा मुद्दा मांडला की, निर्मितीचा क्रम सांगणे हा हेतू असता तर पाणी कधी निर्माण झाले हे सांगितले गेले असते, कारण दुसऱ्या वचनात पाणी आधीपासूनच आहे. बाराव्या शतकातील इब्न एज्रा याने संबंधी वाचन मान्य केले, पण मुख्य वाक्य दुसऱ्या वचनात असल्याचे मानले. याउलट तेराव्या शतकातील नाख्मनीदेस याने पहिले वचन स्वतंत्र, पूर्ण विधान धरले. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे सुरू झालेले सेप्टुआजिंट हे ग्रीक भाषांतर, चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधीवर जेरोमने केलेले वल्गेट हे लॅटिन भाषांतर आणि पुढची बहुतेक ख्रिस्ती भाषांतरे याच स्वतंत्र वाचनाच्या बाजूची आहेत. मसोराकारांनी ‘बरेशीत’वर तोड दाखवणारे ‘तिफ्खा’ हे चिन्ह ठेवले असून तेही याच पक्षाला अनुकूल आहे. शिवाय यशयाच्या 46व्या अध्यायात ‘मेरेशीत’, म्हणजे ‘आरंभापासून’, हे रूप निश्चयवाचक उपपदाविना आणि कोणत्याही नामाच्या आधाराविना येते.

येथे एका स्वरचिन्हावर केवढा डोलारा उभा आहे ते दिसते. वचन स्वतंत्र धरले तर सर्व काही शून्यातून निर्माण झाले या सिद्धान्ताला जागा मिळते. संबंधी धरले तर देवाने कामाला हात घातला तेव्हा काळोख, पाणी आणि ओसाड भूमी होतीच, असे चित्र उभे राहते. 1962 साली अमेरिकेतील ज्यू प्रकाशन संस्थेने केलेल्या तोराच्या इंग्रजी भाषांतरात संबंधी वाचन मूळ पाठात घेतले गेले आणि नव्या ख्रिस्ती भाषांतरांपैकी काहींनी तोच मार्ग धरला. प्रस्तुत ग्रंथाचा कलही त्याच बाजूला आहे, मात्र तो व्याकरणाच्या आधारे. बॅबिलोनचे ‘एनूमा एलिश’ हे निर्मितिकाव्य ‘जेव्हा’ने सुरू होते म्हणून उत्पत्तीही तशीच सुरू झाली पाहिजे, हा युक्तिवाद पूरक म्हणून चालेल, निर्णायक म्हणून नव्हे.

शब्दार्थाच्या या क्षेत्राचा विकास पाहताना पहिली ठळक फूट दिसते ती इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील दोन रब्बींच्या पंथांत. रब्बी अकीवाच्या मते तोरेतले एकही अक्षर वाया गेलेले नाही आणि प्रत्येक अव्ययाला स्वतःचा अर्थ आहे. रब्बी इश्माएलच्या मते तोरा माणसांच्या भाषेत बोलते, म्हणून भाषेची नेहमीची लकब ही लकबच समजावी. पहिल्या वचनात ‘एत’ हे अव्यय दोनदा येते आणि उत्पत्तीवरील ‘बरेशीत राब्बा’ या प्राचीन भाष्यसंग्रहात त्यावरून या दोघांचा संवादच रंगवलेला आहे. ‘एत’ हे निश्चित कर्माच्या आधी येणारे चिन्ह असून त्याला स्वतंत्र अर्थ नाही. मराठीत सजीव किंवा विशिष्ट कर्माला ‘ला’ प्रत्यय लागतो, त्याच्याशी त्याचे काहीसे साम्य सांगता येईल. परंतु ‘एत’चे दुसरे एक रूप ‘सह’ या अर्थीही आढळते, आणि अकीवाच्या वळणाने जाणाऱ्या अक्विलाने आपल्या ग्रीक भाषांतरात ते कर्मचिन्हही ‘सह’ म्हणूनच उतरवले, त्यामुळे ग्रीक वाक्य मोडून पडले. जेरोमने एका पत्रात या अक्षरनिष्ठेची थट्टा केली आहे, आणि ती अनाठायी होती असे म्हणता येत नाही; मात्र मूळ पाठात नेमके काय होते हे जाणण्यासाठी आजच्या पाठसंशोधकाला अक्विलासारखा दुसरा साक्षीदार मिळत नाही, हेही खरे.

मध्ययुगात या क्षेत्राला शास्त्राचे रूप आले ते अरबी भाषेच्या सहवासामुळे. दहाव्या शतकात बगदादच्या परिसरात साद्या गाओन याने तोरेचे अरबी भाषांतर केले, आणि त्याच शतकाच्या अखेरीस स्पेनमधील यहूदा हय्यूज याने अरबी व्याकरणकारांची पद्धत हिब्रूला लावून क्रियापदांचे धातू त्रिव्यंजनी असतात हे सिद्ध केले. अकराव्या शतकात इब्न जनाह याने त्या पायावर व्याकरण आणि धातुकोश रचला. ख्रिस्ती युरोपला ही विद्या योहानेस रॉइखलिन याच्या 1506च्या हिब्रू व्याकरण-कोशामुळे सुलभ झाली आणि जर्मनीतील हाले येथील विल्हेल्म गेझेनिउस (1786–1842) याने तिला तुलनात्मक भाषाशास्त्राची जोड दिली. पुढे बॅबिलोनच्या मातीच्या पाट्या वाचल्या गेल्या आणि 1929 पासून सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित येथे हिब्रूच्या जवळच्या भाषेतली काव्ये सापडली, तेव्हा दुर्मीळ शब्दांना प्रथमच घराबाहेरचे साक्षीदार मिळाले. या वैभवाच्या भरात धातूवरून अर्थ काढण्याचा जो अतिरेक झाला, त्याला जेम्स बार याने 1961च्या आपल्या ग्रंथात परखड उत्तर दिले की, अर्थ शब्दाच्या कुळकथेत नसून त्याच्या प्रत्यक्ष प्रयोगात असतो.

मराठी वाचकाला हा मुद्दा नवा वाटण्याचे कारण नाही. भारतीय शास्त्रकारांनी व्युत्पत्तीने मिळणारा यौगिक अर्थ आणि व्यवहाराने ठरलेला रूढ अर्थ यांत भेद करून, रूढी असेल तेथे ती योगाला मागे सारते असे ठरवले होते. ‘कुशल’ हा शब्द कुश नावाचे गवत तोडणाऱ्यावरून आला असे सांगितले गेले, म्हणून कुशल वैद्य गवत कापतो असे कोणी समजत नाही. हीच कसोटी ‘बारा’ या दुसऱ्या शब्दाला लावली पाहिजे. त्याचा उच्चार मराठी संख्यावाचकासारखा असला, तरी हे भूतकाळी क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ ‘निर्माण केले’ असा सांगितला जातो. त्याच व्यंजनांच्या दुसऱ्या एका क्रियारूपाचा यहोशवाच्या 17व्या अध्यायात जंगल तोडून जागा मोकळी करणे हा अर्थ आहे, आणि त्यावरून निर्मिती म्हणजे मुळात कापणे, कोरणे, असे अनेकांनी लिहिले. ते रूप वेगळे, प्रयोग वेगळा. उत्पत्तीत जे साधे रूप आहे त्याचा कर्ता शास्त्रात सर्वत्र देवच असतो आणि कशापासून निर्माण केले ते द्रव्य त्याच्यासोबत कधीच सांगितले जात नाही, एवढे निरीक्षण प्रयोगावरून काढता येते. त्यापुढे जाऊन या शब्दातच ‘शून्यातून’ हा अर्थ भरलेला आहे असे म्हणणे पाठाला सोडून होईल, कारण त्याच अध्यायात जलचर आणि मनुष्य यांच्याविषयीही हेच क्रियापद आले आहे, आणि 51व्या स्तोत्रात तर स्तोत्रकर्ता आपल्यात शुद्ध हृदय निर्माण करण्याची याचना याच शब्दाने करतो. एलेन व्हान वोल्डे यांनी 2009 साली ‘बारा’ म्हणजे ‘वेगळे केले’ असे प्रतिपादन केले. त्यावर बरीच चर्चा झाली, पण अनेक प्रयोगांना तो अर्थ बसत नाही, हा आक्षेप टिकून आहे.

‘एलोहीम’ हे देववाचक नाम रूपाने अनेकवचनी असून त्याचे क्रियापद मात्र एकवचनी आहे. ख्रिस्ती भाष्यकारांपैकी अनेकांना येथे त्रैक्याची चाहूल लागली, तर एकोणिसाव्या शतकातील काही अभ्यासकांना अनेकदेवतावादाचा अवशेष दिसला. इब्न एज्राने त्याआधीच आदरार्थी बहुवचनाचे स्पष्टीकरण दिले होते, आणि ज्या भाषेत ‘बाबा आले’ असे म्हटले जाते त्या भाषेच्या वाचकाला ते चटकन पटेल. फरक इतकाच की मराठीत आदर क्रियापदापर्यंत जातो, हिब्रूत तो नामापाशीच थांबतो. आकाश व पृथ्वी या जोडीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. जुन्या हिब्रूत ‘विश्व’ या अर्थाचा एकच शब्द नसल्याने दोन टोके सांगून सगळे सांगितले आहे, आणि वेदांतली द्यावापृथिवी ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. ‘शामायिम’, म्हणजे आकाश, याची फोड तालमूदमध्ये ‘अग्नी आणि पाणी’ अशीही केलेली आहे. ती प्रवचनाची चमत्कृती म्हणून वाचावी, व्युत्पत्ती म्हणून नव्हे.

दुसरे वचन अधिक अवघड आणि अधिक सुंदर आहे. त्याची रचना ‘आणि’ नंतर आधी नाम व मग क्रियापद अशी आहे. हिब्रू कथनात घटना पुढे सरकते तेव्हा क्रियापद आधी येते; नाम आधी आले की बहुधा घटना थांबते आणि परिस्थितीचे वर्णन सुरू होते. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली असती तर 1814 साली थॉमस चामर्स याने पुढे आणलेला आणि नंतर फार लोकप्रिय झालेला ‘खंडवाद’ उभा राहता ना. पृथ्वी ओसाड ‘होती’ याऐवजी ओसाड ‘झाली’ असे वाचून, पहिल्या व दुसऱ्या वचनांच्या मध्ये भूगर्भशास्त्राला हवी तेवढी युगे घालण्याचा तो प्रयत्न होता. हेतू समजण्यासारखा असला तरी वाक्यरचना त्याला साथ देत नाही.

ओसाडपणाची जोडी ‘तोहू’ आणि ‘बोहू’ अशी आहे. ‘बोहू’ शास्त्रात तीनदाच येतो आणि तिन्ही वेळा ‘तोहू’च्या सोबतीने, त्यामुळे मराठीतल्या ‘ओसाडबिसाड’सारखा तो केवळ प्रतिध्वनी असावा अशी शंका येते, पण यशयाच्या 34व्या अध्यायात हे दोन शब्द वेगवेगळे होऊन स्वतंत्र नामे म्हणून आले आहेत आणि अरबीत ‘रिकामे असणे’ या अर्थाचा नातेवाईक शब्दही आहे. ‘तोहू’ हा तर अनेक ठिकाणी पाऊलवाट नसलेल्या वाळवंटाचा शब्द आहे. सेप्टुआजिंटच्या भाषांतरकारांनी ‘अदृश्य आणि अरचित’ असे म्हणून ग्रीक तत्त्वज्ञानाचा वारा आत घेतला, राशीने थक्क होण्याचा अर्थ सुचवला, आणि जपानी विद्वान डेव्हिड त्सुमुरा यांनी उगारितच्या आधारे ‘नापीक व निर्जन’ एवढाच भौतिक अर्थ धरावा असे 1989 साली मांडले. ‘तेहोम’, म्हणजे खोल जलराशी, याचा संबंध हेर्मान गुंकेल याने 1895 साली बॅबिलोनच्या तियामत या सागरदेवतेशी जोडला. तुलना फलदायी ठरली, पण ‘तेहोम’ हा ‘तियामत’वरून उसना घेतलेला नाही, कारण त्यातला मधला हकार तसे होऊ देत नाही. दोघांचे मूळ एकाच सेमिटिक शब्दात आहे.

त्या पाण्यावर जे आहे ते ‘रूआख एलोहीम’. ‘रूआख’ म्हणजे वारा, श्वास आणि आत्मा. तिन्ही अर्थ शास्त्रात भरपूर आढळतात, म्हणून देवाचा आत्मा, देवाचा वारा किंवा नुसता प्रचंड वारा अशी तीन भाषांतरे संभवतात. येथे निर्णय नामावर नव्हे, त्याच्या क्रियापदावर होतो. ‘मेराखेफेत’ हे त्या क्रियापदाचे रूप या प्रकारात शास्त्रात आणखी एकाच ठिकाणी येते, ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 32व्या अध्यायातल्या गीतात, जेथे गरुड आपल्या पिलांवर पंख फडफडवत घिरट्या घालतो. आणि लक्षणीय गोष्ट अशी की, त्याच गीतात लगतच्या आधीच्या वचनात वाळवंटाला ‘तोहू’ म्हटले आहे. दोन दुर्मीळ शब्द असे शेजारी यावेत हा योगायोग समजणे कठीण आहे. उगारितच्या काव्यातही हे क्रियापद पक्ष्यांनाच लावलेले आहे. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्मपिता बासिल याने एका सीरियन विद्वानाच्या आधाराने अंडी उबवण्याचा अर्थ दिला, आणि तो भाविकांना प्रिय झाला, परंतु हिब्रूत घिरटीपलीकडे जाण्यास पुरावा नाही. नुसत्या सोसाट्याच्या वाऱ्याला मात्र ही क्रिया शोभत नाही, एवढे म्हणता येते.

मराठीत या विषयाची पूर्वपीठिका वाटते त्याहून जुनी आहे. गोव्यात राशोल येथे 1616 साली छापल्या गेलेल्या थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात सृष्टीची कथा ओवीबद्ध झाली, पण तिच्यामागे लॅटिनची परंपरा होती. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची घरची भाषा मराठी आणि प्रार्थनेची हिब्रू. त्यांच्यातील जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, आणि मुंबईत जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रूचे प्राथमिक व्याकरण तयार केले. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे हिब्रू व ग्रीक आत्मसात करून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले, जे 1922 साली त्यांच्या निधनानंतर छापून पूर्ण झाले. हे सर्व असूनही मूळ शब्दांची चर्चा मराठीत सलगपणे झाली नाही. प्रचलित मराठी बायबलमधील ‘प्रारंभी’ आणि ‘उत्पन्न केली’ हे शब्द स्वीकारताना कोणता पर्याय बाजूला पडला, हे वाचकाला कळण्याची सोय नव्हती.

आज ही उणीव अधिक जाणवते. जेम्स स्ट्राँग याच्या 1890च्या शब्दानुक्रमणिकेतले क्रमांक आता भ्रमणध्वनीवर उपलब्ध आहेत, त्यामुळे हिब्रूचे एक अक्षरही न शिकता कोणीही कोशातले पाच-सहा अर्थ एकत्र करून ते सर्व एकाच वचनात आहेत असे सांगू शकतो. प्राचीन अक्षरांच्या चित्रांतून गुप्त संदेश वाचणारे, पहिल्या वचनातील 7 शब्द आणि 28 अक्षरे यांवरून गणिती चमत्कार दाखवणारे आणि ‘बरेशीत’मध्ये काळ, ‘शामायिम’मध्ये अवकाश व ‘एरेत्स’ (पृथ्वी) या शब्दात द्रव्य शोधून आधुनिक भौतिकशास्त्र सिद्ध करणारे, हे सारे एकाच वाटेचे प्रवासी आहेत: शब्द वाक्यातून उपटायचा आणि मग त्याला हवे ते बोलते करायचे. ऋग्वेदातील नासदीय सूक्ताशी घाईने केलेली तुलनाही बहुतेकदा याच जातीची असते. दोन्हीकडे पाणी आणि काळोख आहेत म्हणून दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला गेला आहे असे होत नाही.

प्रस्तुत ग्रंथ भाविकाला श्रद्धा देण्यासाठी किंवा तिच्यापासून सोडवण्यासाठी लिहिलेला नाही. प्रत्येक शब्दाच्या बाबतीत आधी त्याचे शास्त्रातले प्रयोग, मग प्राचीन भाषांतरे, त्यानंतर भाष्यकार आणि सर्वांत शेवटी सजातीय भाषांचा पुरावा, असा क्रम त्यात पाळला आहे. व्युत्पत्ती शेवटी ठेवण्याचे कारण वर आलेच आहे. जेथे पुरावा दोन्ही बाजूंनी समतोल आहे तेथे निर्णय वाचकावर सोडला आहे, जेथे नाही तेथे ग्रंथाने आपले मत स्पष्ट सांगितले आहे. तोरेतील पुरोहित परंपरेचे लेखन कोणते आणि ते कोणत्या काळातले, या रचनाकालाच्या वादात तो शब्दार्थाला आवश्यक तेवढाच शिरतो.

देवनागरी लिप्यंतराविषयी एक खुलासा हवा. ‘खेत’ आणि मृदू ‘काफ’ ही दोन भिन्न हिब्रू व्यंजने ग्रंथात ‘ख’नेच दाखवली असून ‘अलेफ’ व ‘आयिन’ यांना देवनागरीत जागा नसल्याने केवळ त्यांचा स्वर लिहिला आहे. ज्या ठिकाणी त्यांच्यातला फरक अर्थावर परिणाम करतो, तेथे मूळ व्यंजनाचे नाव लगेच दिलेले आढळेल.